फाडून टाकलेलें कार्ड



गेल्या भाद्रपदांत आमच्या गांवची एक वृद्ध बाई वारली. वय ९७ वर्षांचें. आमचें गांव अलिबाग तालुक्याच्या खारेपाटांत, पोयनाडच्या बाजूस. परंतु गांवांत जितकीं माणसें त्यांहून अधिक लालबाग-परळांत, अशी आमची पूर्वापार स्थिति. बाई गेल्याचें कळतांच मुंबईंतील आमच्या ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस दूरध्वनीवरून मला म्हणाले, "मास्तर, आजी गेल्या. फळ्यावर लावायला आणि मोबाइलवर पाठवायला दोन ओळी लिहून द्या."

अशा दोन ओळी लिहून देण्याचें काम माझ्याकडे ३० वर्षें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, जन्मभर प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेला. अक्षर बरें आणि शुद्धलेखनाची खोड जबर, एवढ्याच पात्रतेवर तें मला मिळालें. त्या रात्रीं मात्र लेखणी पुढें सरेना. मनमिळाऊ, परोपकारी, कष्टाळू आणि धर्मपरायण हीं चार विशेषणें मीं आजवर इतक्या जणांना वांटलीं आहेत, कीं आमच्या गांवचा गेलेला प्रत्येक मनुष्य एकाच सांच्यावर निघालेल्या ताग्यासारखा दिसतो. या दोन ओळी कोठून आल्या, त्यांच्या आधीं काय होतें, आणि मुंबईंत पोट भरणाऱ्या खेडुतांनीं आपल्या गांवीं मेलेल्या माणसांची आठवण कशी ठेविली, हा विचार तेव्हांपासून माझ्या डोक्यांत आहे. तोच आज आपणांपुढें मांडतों.

मृताची आठवण दगडावर कोरण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीजवळ एकसर येथें वीरगळ आहेत. त्यांवर वल्हीं मारीत चाललेल्या नौकांच्या रांगा आणि त्यांचें युद्ध कोरलेलें आहे. ज्या वीरासाठीं दगड उभा राहिला त्याच्या मरणाची घटका तेथें पाहावयास मिळते. वल्हीं मारणारीं माणसें मात्र नुसती रांग पुरी करण्यासाठीं कोरलीं आहेत. सगळ्यांचीं तोंडें सारखीं. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें आपल्याकडील कित्येक खेड्यांत दगडी पाट्या बसविल्या. या गांवांतून इतकीं माणसें १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेलीं, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले, असा त्यांवरचा मजकूर. आंकडा आहे, नांव नाहीं. अशी पाटी वाचतांना माझ्यांतला गणिताचा मास्तर खूष होतो आणि दुसरा कोणी तरी खिन्न होतो. त्या मानानें दर्यावर्दी लोक भाग्यवान. मशीद बंदराकडील इंडियन सेलर्स होममध्यें त्याच युद्धांत समुद्रांत नाहींशा झालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचीं नांवें नोंदलेलीं आहेत.

पण जो युद्धावर गेला नाहीं, समुद्रांत बुडाला नाहीं, जो आपल्या ओटीवर कांबळें पांघरून म्हातारपणानें मेला, आणि ज्याचा मुलगा त्या वेळीं परळच्या गिरणींत पाळीवर होता, त्याचें काय?

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनीं ताडदेवास ती गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणें, कोल्हापूर या भागांतून माणसें येत गेलीं, आणि १९२१ च्या शिरगणतींत असें आढळलें कीं मुंबईच्या दर १०० रहिवाश्यांपैकीं अवघे १६ जण मुंबईंत जन्मलेले आहेत. हा आंकडा वस्तीच्या वाढीचा म्हणून नेहमीं सांगतात. मला त्यांत दुसरें दिसतें. उरलेल्या ८४ जणांचीं आईबापें, चुलते, आज्या, कित्येकांच्या बायकासुद्धां, त्यांच्या नजरेआड कोठें तरी मरावयाचीं होतीं. मुलाला तें कळावयाचें कसें, हा या शहराच्या इतिहासांतला मोठाच प्रश्न होता. पुस्तकांत मात्र त्याला जागा नाहीं.

उत्तर म्हणून जें उभें राहिलें तें गांवकीची खोली. गांवानें वर्गणी काढून चाळींत एक खोली घ्यावयाची. फळीवर ज्याची ट्रंक तो सभासद. दिवसपाळीचे रात्रीं झोपत, रातपाळीचे दिवसा; वळकट्या त्याच, डोकीं बदलत. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. धोबीतलावाकडील गोमंतकीय बांधवांचा कूड म्हणजेही हेंच. फरक इतकाच कीं तेथें भिंतीवर गांवच्या संताची तसबीर असे, आणि गांवांत कोणी गेल्याचें कळलें म्हणजे त्याच्यासाठीं मिसा होई. आमच्या खोलींत भजन होई. या खोलीचा पत्ता गांवांतील प्रत्येक घरीं ठाऊक असे. तो एकच पत्ता चाळीस माणसांचा होता. आणि त्या पत्त्यावर येई तें कार्ड.

पोस्टकार्ड आपल्या देशांत १८७९ सालीं आलें, किंमत पाव आणा. दुसऱ्याच वर्षीं टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली. एकावरून बातमी येई, दुसरीवरून पैसा जाई. या दोन कागदांवर कोंकणचा संसार चालला. साधें कार्ड 'श्री'कारानें सुरू होई. अशुभ वार्तेच्या कार्डाला माथ्यावर श्री नसे. ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाही तेवढी मोकळी जागा वाचतां येई. असें कार्ड घरांत न्यावयाचें नाहीं. दाराबाहेर उभें राहून वाचावयाचें, तेथेंच फाडावयाचें, आणि अंगावर पाणी घ्यावयाचें, अशी आमच्या चाळींतली रीत.

सन १९७० च्या पावसाळ्यांत, मी बारा वर्षांचा असतांना, असें एक कार्ड आमच्याकडे आलें. वडील सांचेखात्यांत होते व नुकतेच पाळी करून आले होते. त्यांना वाचतां येत नसे. पण कार्ड हातांत घेतांच त्यांनीं माथा पाहिला आणि तें माझ्याकडे दिलें. मी गॅलरीच्या कठड्याशीं उभा राहून वाचूं लागलों. गांवच्या शाळेंतील मास्तरांचें अक्षर होतें. बारीक, सुरेख, दोन्ही अंगें कांठोकांठ भरलेलीं. आजीला सोमवारीं पहांटे देवाज्ञा झाली, इतकें मीं वाचलें. वडील म्हणाले, "बस. फाड तें." मी थांबलों तेव्हां त्यांनीं स्वतःच कार्ड घेतलें, चार तुकडे केले, खालीं वाडीच्या गटारांत सोडले, आणि नळावर गेले.

कार्डाचा तीन चतुर्थांश मजकूर वाचावयाचा राहिला होता. आजी शेवटीं काय म्हणाली, कोण जवळ होतें, तिच्या हातून काय राहून गेलें, तिनें मुलाला कांहीं निरोप दिला कीं काय, यांपैकीं कांहीं तरी त्यांत असलेंच पाहिजे. नाहीं तर एवढें बारीक अक्षर काढण्याचें त्या मास्तरांना काय कारण? पुढें ते बदलून गेले. वडिलांनीं पुन्हां त्या कार्डाचें नांव काढलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं.

रूढीवर रागावण्याचें मला कारण दिसत नाहीं. दहा बाय बाराच्या खोलींत आठ माणसें राहतात तेथें दुःखासाठीं वेगळी फळी कोठून काढणार? परंतु खेड्यांतील साध्या माणसाच्या आयुष्याविषयीं कोणी कधीं कागदावर दोन शब्द लिहिले असतील, तर ते बहुधा त्याच्या मरणाच्या कार्डावर. आणि नेमका तोच कागद आम्हीं पिढ्यान् पिढ्या फाडीत आलों. कित्येकदां तर कार्डाच्या आधीं मनिऑर्डरच परत येई. घेणारा मयत, असा शेरा पोस्टमननें वाचून दाखवावयाचा आणि परत आलेले पैसे मोजून घेऊन मुलानें सही करावयाची, किंवा अंगठा उठवावयाचा. आमच्या मजल्यावर हें एकदां घडलें. तो मनुष्य ती रक्कम मुठींत धरून तासभर जिन्यांत बसून होता, एवढें मला आठवतें.

मग उरलें काय? मंडळाची वही उरली.

आमच्या मंडळाची वही लांबट, लाल कापडाच्या बांधणीची आहे. ती जमाखर्चाची वही. स्मरणिका लिहावी असा विचारही ती सुरू करणाऱ्यांच्या मनांत नव्हता. तींत मरण येतें तें खर्चाच्या बाजूनें. अमुक वारला, दहाव्यास तांदूळ व ५ रुपये. तमुकाची आई वारली, त्यास गांवीं जाण्यास भाडें उसनें दिलें. आणि ज्या ठिकाणीं गेलेला मनुष्य स्वतःच सभासद असेल तेथें, वर्गणी बाकी ३ रुपये, माफ. हा 'माफ' शब्द वहींत मला शेंकडों वेळां भेटला. जमेच्या रकान्यांत एकही आणा न सोडणाऱ्या चिटणिसांनीं मृताला दिलेला तेवढाच एक मान. स्त्रियांना तोही नाहीं, कारण त्या वर्गणीदार नव्हत्या. जुन्या चाळीस वर्षांच्या पानांत एकाही बाईचें स्वतःचें नांव नाहीं. सगळ्या कोणाच्या तरी आई, कोणाच्या तरी बायको. ज्यांनीं गांवीं राहून शेतें लावलीं, म्हाताऱ्यांचें केलें, पोरें वाढविलीं, आणि ज्यांच्या जोरावर नवरा मुंबईस गिरणींत उभा राहूं शकला, त्यांची ही नोंद.

याच वहींत एक पान निराळें आहे. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावास्येचा सण तोंडावर आला होता आणि त्यासाठीं गांवीं निघालेल्या माणसांनीं भरलेली 'रामदास' बोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र, सोसाट्याचा वारा. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली व पाहतां पाहतां बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं; कांहींना कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून वांचविलें. गिरगांवापासून लालबागेपर्यंत आणि तिकडे रेवसपासून थेट आंत खारेपाटापर्यंत क्वचितच एखादें गांव असें असेल, ज्यानें त्या दिवशीं कोणाची तरी वाट पाहिली नाहीं. आमच्या वहींत त्या तारखेखालीं दोन नांवें आहेत. पुढें तांदूळ नाहीं, रुपये नाहींत, 'माफ' नाहीं. पानाचा उरलेला भाग कोरा आहे आणि जमाखर्च पुढल्या पानावर सुरू होतो. लढाईच्या दिवसांत कागदाची केवढी टंचाई होती तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना त्या हिशेबी माणसानें अर्धें पान कोरें सोडलें याचा अर्थ समजेल. पुढल्या पानावरची पहिली मोठी रक्कम १५ ऑगस्टच्या पेढ्यांची आहे.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठीं वर्तमानपत्रांत स्तंभ होते. गिरगांवांत १९२३ सालीं 'नवाकाळ' निघाला, त्याच्या आधींचीं व नंतरचीं पत्रें होतीं. पुण्यास सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनीं चरित्रकोशाचे तीन खंड केले, त्यांतला अर्वाचीनांचा खंड १९४६ सालचा. तेथें खाडीचा बांध बांधणाऱ्या शेतकऱ्याला जागा नाहीं, आणि तो कोशकारांचा दोषही नव्हे. कोशांत घालण्याइतकी माहिती त्यांना देणार कोण? सरकारदरबारीं कोतवालाचें बुक असे. गांवांत जन्मलेला व मेलेला प्रत्येक जण त्यांत लिहिला जाई. नांव, जात, तारीख, मरणाचें कारण. १९६९ च्या कायद्यानें जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली. परवां, २०२३ पासून, हींच जुनीं बुकें, त्यांतलीं कित्येक मोडींतलीं, तहसील कचेऱ्यांतून बाहेर निघालीं, कारण कोणाच्या आज्या-पणज्याच्या नांवापुढें कुणबी लिहिलें आहे कीं काय, हें शासनाच्या समितीला पाहावयाचें होतें. ज्या मृताला शंभर वर्षें कोणी विचारलें नाहीं त्याला एकाएकीं साक्षीस बोलावलें. साक्ष मात्र जातीपुरतीच. तो काय करीत असे, हें कोणी विचारीत नाहीं. बुकांतही तें नाहीं म्हणा.

आतां माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. त्यासाठीं खारेपाट म्हणजे काय तें थोडें सांगावें लागेल. खाडीच्या भरतीचें पाणी अडवून मिळविलेली ही जमीन. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरांत या खाऱ्या भातशेतीचें वर्णन आहे. मातीचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवावयाचा, पावसाच्या पाण्यानें जमिनींतलें मीठ धुऊन काढावयाचें, आणि मग भात पेरावयाचें. बांध एकट्याचा नसे. ज्यांचीं ज्यांचीं शेतें त्याच्या आंत, त्या सगळ्यांनीं मिळून तो राखावयाचा. उधाणाच्या रात्रीं खांड पडली तर ओहोटीच्या आंत ती भरलीच पाहिजे, नाहीं तर पुढलीं दोन-तीन वर्षें पीक नाहीं. ती भरण्याचें एक शास्त्र आहे. कोठला चिखल घ्यावयाचा, पेंढा कसा घालावयाचा, पाण्याचा जोर कोणत्या अंगानें मोडावयाचा, हें माहीत असणारा मनुष्य गांवांत एखादाच असतो.

आमच्या गांवांतला तो मनुष्य पूर्वीं लालबागेस विणकर होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधीं मागें घेतला गेलाच नाहीं, असें जुने लोक अजून म्हणतात. हजारों माणसें वळकटी बांधून गांवीं परतलीं, त्यांत हाही गेला. चाळिशी उलटल्यावर तो आपल्या चुलत्याच्या हाताखालीं बांधाचें काम शिकला आणि पुढें पंचवीस वर्षें त्यानें गांवाचा समुद्र बाहेर ठेविला. २०११ सालीं तो वारला. मंडळाच्या वतीनें दुखवट्याचा ठराव मीं लिहिला: मनमिळाऊ, परोपकारी. लिहितांना मला बांध आठवलाही नाहीं. दुसऱ्याच वर्षीं भाद्रपदाच्या उधाणांत खांड पडली. पोरें धांवलीं, मिळेल ती माती त्यांनीं टाकली, आणि दर भरतीला ती वाहून गेली. तीन वर्षें शेतांत खारें पाणी उभें होतें. गांवीं गेलों तेव्हां एका शेतकऱ्यानें मला विचारलें, "मास्तर, तुम्ही एवढें लिहितां. त्याच्याजवळ बसून हें कोणी लिहून ठेवलें असतें तर?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनीं गिरणगांवांतील माणसांच्या तोंडून त्यांचें आयुष्य ऐकून घेऊन त्याचा ग्रंथ २००४ सालीं प्रसिद्ध केला, तो मीं त्या आधींच वाचला होता. म्हणजे माणूस जिवंत असतांना विचारावें, हें मला ठाऊक नव्हतें असेंही नाहीं.

कार्ड गेलें. तार २०१३ सालीं बंद झाली. आतां बातमी मोबाइलवर येते, जोडलेल्या हातांचें चित्र आणि खालीं भावपूर्ण श्रद्धांजली. पांच मिनिटांत दोनशें जणांकडून तेच हात परत येतात. यांत वाईट कांहीं नाहीं. २०२० सालच्या साथींत, जेव्हां गाड्या बंद होत्या आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, तेव्हां त्याच यंत्रावर लालबागेंतल्या मुलानें गांवच्या बापाची चिता पेटतांना पाहिली. पूर्वीं कार्ड पोंचेपर्यंत तिसरा दिवस उलटे. मात्र फाडलेल्या कार्डावर निदान मास्तरांचें बारीक अक्षर होतें, हें मला राहून राहून वाटतें.

आमची गांवकीची खोली अजून आहे. आतां तेथें गिरणीवाले नसतात. परळच्या केईएम किंवा टाटा इस्पितळांत उपचारासाठीं आलेले गांवचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, आणि कधीं कधीं तेथूनच मृतदेह गांवीं न्यावा लागतो. चाळ पाडून तेथें मनोरा व्हावयाचा आहे. खोली कागदोपत्रीं तिघांच्या नांवावर. तिघेही केव्हांच वारले. त्यांचे नातू म्हणतात खोली आमची, गांव म्हणतें आमची. वकिलांनीं पुरावा मागितला, तेव्हां वही कपाटांतून निघाली. कोणीं कोणत्या सालापर्यंत वर्गणी भरली आणि कोणाला माफ झाली, हें आतां पानोपान तपासलें जात आहे. वकिलांच्या कारकुनानें पानांच्या प्रती काढल्या, पण १७ जुलै १९४७ चें पान कोरें म्हणून वगळलें. मीं तें परत पाठवून त्याचीही प्रत काढावयास लाविली. दावा काय व्हावयाचा तो होईल.

आणि आतां त्या ९७ वर्षांच्या बाई. त्यांचें माहेर चरीचें. १९३३ सालीं चरी व आसपासच्या २५ गांवांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांचीं शेतें कसणार नाहीं असा निर्धार केला, आणि तो थोडाथोडका नव्हे, १९३९ पर्यंत पाळला. पिकाचा मोठा वांटा खोत नेई आणि कष्टकऱ्याच्या घरीं कणगी रिकामी राही, हें त्याचें मूळ. सहा वर्षें शेतांत गवत वाढलें. लांकडाच्या मोळ्या आणि खाडीची मासळी विकून माणसें जगलीं. डॉ. आंबेडकर १९३४ सालीं तेथें आले; पुढें १७ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. १९३९ सालीं कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. इतकें पुस्तकांत मिळतें.

पुस्तकांत न मिळणारें थोडेसें मला आजींनीं आठ वर्षांपूर्वीं त्यांच्या ओटीवर सांगितलें होतें. संप सुरू झाला तेव्हां त्या पांच वर्षांच्या होत्या, संपला तेव्हां अकरा वर्षांच्या. म्हणजे त्यांचें सगळें बालपण त्यांत गेलें. ओहोटीच्या वेळीं आईबरोबर खाडीच्या चिखलांत उतरून त्या निवट्या आणि कालवें काढीत. संपाचा पहिला पावसाळा आला आणि शेत लावावयाचें नाहीं असें बापानें सांगितलें, तेव्हां आई रात्रभर रडली. पण सकाळीं तिनें लावणीचीं इरलीं आढ्याला टांगून ठेविलीं आणि सहा वर्षें खालीं काढलीं नाहींत. "इरलीं सगळीं कसर लागून गेलीं, मास्तर. पण खालीं नाहीं काढलीं." हें त्यांचें वाक्य मीं घरीं येऊन तारीख घालून टिपून ठेविलें होतें. बांधवाल्या विणकराच्या बाबतींत जी चूक झाली तिनें मला एवढें शिकविलें होतें.

म्हणून त्या रात्रीं मीं विशेषणें बाजूला ठेविलीं. बाईंचें स्वतःचें नांव लिहिलें, माहेर लिहिलें, संपाचीं सालें लिहिलीं, इरल्यांची गोष्ट लिहिली, आणि नंतर कोणाच्या मातोश्री व कोणाच्या आजी तें लिहिलें. दोन ओळींच्या वीस झाल्या. चिटणीस म्हणाले, "मास्तर, फळ्यावर मावत नाहीं." मग त्यांनींच दोन कागद एकाखालीं एक चिकटविले. वहींतही तो मजकूर मीं चढविला. खर्चाच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून जमेच्या बाजूला.

चार दिवसांनीं विरारहून त्यांच्या पणतूचा दूरध्वनि आला. मुलगा पंचविशींतला, संगणकावर काम करणारा, कधीं चिखलांत न उतरलेला. पणजीची ही हकीकत घरांत कोणालाच ठाऊक नव्हती, असें तो म्हणाला. मग थोडा थांबून त्यानें विचारलें, "सर, निवट्या हातानें कशा धरायच्या, तें पणजीनें तुम्हांला सांगितलें होतें का?"

मीं टिपण काढून पाहिलें. त्यांनीं सांगितलें होतें, हातांनीं करूनही दाखविलें होतें. मीं तेवढें लिहून घेतलें नव्हतें.